मोजणीत न धरलेला घोटा

छबुबाईचा पाय मोडला तो छावणीत, टँकरच्या नळीपाशी.

त्या साली चौसाळ्याच्या पट्ट्यात जनावरांपुढं टाकायला काडी उरली नव्हती, म्हणून दूध संस्थेनं सहकारी साखर कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर छावणी उघडली होती. कारखान्याचं धुराडं त्या हंगामात पेटलंच नाही, गाळायला ऊसच नव्हता. एरवी जिथं उसाच्या गाड्या रांगेनं लागायच्या, तिथं आता बैलं, गाया आणि त्यांच्यामागं आलेली माणसं पालं ठोकून राहत होती. आश्रुबा आणि त्याची बायको छबुबाई त्यांतलेच. उभं आयुष्य नवरा-बायकोनं जोडीनं लांबच्या मुलखात ऊस तोडला होता. आता वय झालं होतं, तोडीला कोणी नेत नव्हतं. कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा आणि दोन बैलं, एवढ्यावर संसार येऊन थांबला होता. लेक कडूबाई घाटनांदूरला दिलेली, तिच्या घरी सुखी होती.

टँकर आला की छावणी सगळी धावायची. त्या दिवशी नळी सुटून खाली चिखल झाला होता. छबुबाई भरली घागर डोक्यावर घेऊन वळली, उजवा पाय सरकला आणि घोट्यात असा मुडपला की कडाड आवाज पलीकडच्या दावणीपाशी उभ्या आश्रुबाला ऐकू गेला. त्याला वाटलं, कुणाची तरी काठी मोडली. मग त्याला घागर गडगडत जाताना दिसली.

कारखान्याचा दवाखाना मैदानाच्या कडेलाच होता. तिथले हाडांचे डॉक्टर शहादेव हे त्याच भागातले, ऊसतोड्याच्या घरातून शिकून वर आलेले. माणसाशी माणसासारखं बोलायचे. त्यांनी फोटो काढला, तो उजेडापुढं धरला आणि आश्रुबाला जवळ बोलावलं.

"मामा, हे घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं हाड. तिरपं मोडलंय. प्लास्टरनं भागायचं न्हाई, पट्टी बसवावी लागेल."

मग त्यांनी ट्रेमधल्या दोन पट्ट्या दाखवल्या. एक पातळ, हातानं वाकवली तर वाकेल अशी. तिचे स्क्रू हाडात आवळायचे आणि त्या आवळण्याच्याच जोरावर पट्टी हाडाला धरून राहायची. दुसरी जराशी जाड. तिच्या भोकांनाच आटे पाडलेले होते, त्यामुळं स्क्रूचं डोकं पट्टीतच घट्ट बसायचं. हाड भुसभुशीत असलं तरी पट्टी आणि स्क्रू एकमेकांना सोडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

"मंग दुसरीच बसवा की," आश्रुबा म्हणाला.

"मलाही आधी तेच वाटलं. मावशीचं हाड लई ठिसूळ झालंय. पण घोट्यावर मांस नसतं, आणि मावशीची कातडी बगा, नुसती कागदावानी. जाड पट्टीवर टाके उसवले, जखम उघडी पडली, तर पायच हातचा जायचा. आणि ती पट्टी असल्या हाडात खरंच जास्त टिकती का, हे कुनी नीट ताडून बघितलेलं माझ्या तरी वाचण्यात न्हाई. मी पातळ बसवतो." मग ते छबुबाईकडं वळले. "पण मावशी, हाड जुळंपर्यंत पाय टेकायचा न्हाई. कायबी झालं तरी न्हाई."

"न्हाई टेकत," छबुबाई म्हणाली. आणि तिनं खरंच टेकला नाही. पालात बसून ती भाकरी करायची, बसून दाळ निवडायची, आणि कुठं जायचं झालं तर आश्रुबा तिला पाठीवर घ्यायचा. बायका हसायच्या. "म्हातारपनी नवरीवानी मिरवायलीस गं," म्हणायच्या. ती पदराआड तोंड लपवायची, पण तिला ते आवडत होतं हे आश्रुबाला कळत होतं.

मग एका सकाळी आश्रुबा चाऱ्याच्या रांगेत असताना त्यांच्या चांद्या बैलानं दावं तोडलं. तहानेनं पिसाळलेलं जनावर टँकरच्या गर्दीकडं सुटलं. वाटेत पोरं खेळत होती. छबुबाईनं ते पाहिलं आणि ती उठली. पाय मोडलाय, पट्टी बसवलीय, डॉक्टर काय म्हणाले होते, हे काहीच तिला आठवलं नाही. जन्मभर बैलांमागं धावलेली बाई ती, तशीच धावली. तिनं वेसण धरली, चांद्याला थोपवलं आणि तिथंच खाली बसली.

दुसऱ्या फोटोत स्क्रू हाडातून उपसून आले होते. पट्टी एका बाजूनं उचलली गेली होती. डॉक्टर शहादेव रागावतील म्हणून आश्रुबा खाली मान घालून उभा होता, पण ते रागावले नाहीत. पुन्हा पाय उघडला, पट्टी काढली. जखम पिकली, महिनोन् महिने वाहत राहिली. अखेर पाय वाचला, पण हाड वाकडंच जुळलं. पाऊल बाहेरच्या अंगाला फिरलं ते कायमचं. छबुबाई काठी घेऊन, पावलाच्या कडेवर चालल्यासारखी चालू लागली.

आश्रुबाला तिची चाल बघवायची नाही. ही बाई नारायणगडच्या जत्रेला पायी जायची, आणि तो मागं पडायचा. आता अंगणातून उंबऱ्यापर्यंत यायचं तरी ती भिंतीला हात लावायची. पण डॉक्टरांवर तिचा राग नव्हता. दाखवायला गेली की बाकड्यावर ऐसपैस बसायची, त्यांच्या आईची खबर विचारायची, घरच्या शेंगा पदरातून काढून द्यायची.

असंच एकदा दोघं गेले असता डॉक्टरांनी तिला सांगितलं की ते त्या दोन पट्ट्यांची तुलना करणार आहेत. कारखान्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात लोखंड दाबून, पिळून त्याचा दम बघायचं यंत्र होतं. तिथले प्राध्यापक मोहनराव मदतीला तयार होते.

"हाडं कुठली घेनार?" छबुबाईनं विचारलं.

"प्लास्टिकची मिळतात, मावशी. पण ती तरण्याताठ्या गड्याच्या हाडासारखी घट्ट असतात. त्यात कुठलीबी पट्टी टिकंल. मला पायजे तसलं हाड..." डॉक्टर बोलता बोलता थांबले.

"माझ्यासारखं," ती म्हणाली.

"हां. म्हाताऱ्या बायांचं. ज्यांनी देहदान केलंय त्यांचं मेडिकल कॉलेजकडून घ्यावं लागंल."

घरी येताना छबुबाई वाटेत बाभळीखाली टेकली, काठी आडवी ठेवली आणि म्हणाली, "आवं, मी मेल्यावर माझं द्या त्यास्नी."

"काय द्या?"

"हे सगळं. काय बगायचं ते बगू द्या. कावून माझा घोटा टिकला न्हाई ते तरी कळंल. माझ्यामागं हायेतच की बाया. कुनाचं न कुनाचं मोडनारच हाय."

आश्रुबा चिडला. नको ते बोलू नको म्हणाला. पण छबुबाईनं मनात घेतलं की घेतलं. हट्ट धरून त्याला मेडिकल कॉलेजात घेऊन गेली, अंगठा उठवला, आणि त्यालाही उठवायला लावला. कडूबाईला कळलं तेव्हा ती मिळेल त्या जीपनं घाटनांदूरहून आली आणि अंगणातच रडायला बसली.

"माय, तुला आगबी द्यायची न्हाई का आमी? लोक काय म्हनतील? कापून कापून टाकतील तुला!"

"जित्तेपनी कमी कापलंय का गं?" छबुबाई म्हणाली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. कडूबाईनं तो हात झटकून टाकला.

पुढं एक-दोन वर्षं बरी गेली, मग पाऊस पुन्हा रुसला. दिवाळीनंतरच्या थंडीत छबुबाईला ताप भरला. छातीत कफ दाटला आणि ती गेली. जाताना आश्रुबाचं मनगट धरून तिनं एवढंच म्हटलं, "इसरू नगा."

त्याला विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. भावकी दारात जमली होती, सरणाची लाकडंही कुणी आणून टाकली होती. कडूबाई आईच्या उशाशी बसून म्हणत होती, "आबा, तुमी नगं म्हना. एवढा एक डाव नगं म्हना. तिला आता कुठं कळनार हाय?" आश्रुबा उठला, तोंडावर पाणी मारलं आणि दूध संस्थेचा टेम्पो सांगायला गेला. परत आला तर कडूबाई निघून गेली होती. आईला टेम्पोत ठेवताना ती तिथं नव्हती.

मेडिकल कॉलेजात डॉक्टर शहादेव स्वतः येऊन थांबले होते. आश्रुबानं छबुबाईच्या अंगावरची चादर नीट केली, तिची पावलं झाकली आणि विचारलं, "सायेब, लई तुकडे करत्यात का?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "शिकणारी पोरं अभ्यास करतील, मामा. मान राखून करतील. पाय मात्र आमच्या कामासाठी वेगळे ठेवतील."

"पायाचं काय निघालं तेवढं मला सांगा. दुसरं कायबी नगं."

"सांगतो."

त्या एका शब्दावर आश्रुबानं हिवाळा काढला, उन्हाळाही काढला. बैलं केव्हाच गेली होती. गावात बोलायला माणसं कमी होती, जो तो कामाच्या शोधात बाहेर. जी होती ती विचारायची, "काय आश्रुबा, काय म्हनतंय मेडिकल?" काहींचा सूर टोचणारा असायचा. तो म्हणायचा, "चालू हाय काम. लई बारीक काम असतंय ते. तिच्या घोट्यावरच सगळं हाय." असं सांगताना त्याला जरा बरं वाटायचं. एकट्यानं जेवताना तो त्या यंत्राचा विचार करायचा. त्याला दिसायचं की छबुबाईचा पाय यंत्रात धरलाय, डॉक्टर एकदा ही पट्टी लावतायत, एकदा ती, आणि शेवटी मान हलवून म्हणतायत, आत्ता कळलं. कडूबाईला त्यानं दोनदा निरोप धाडला. ती आली नाही.

मृग कोरडा गेला तेव्हा त्याला राहवलं नाही. तो दवाखान्यात गेला. डॉक्टर इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेत असं कळलं, म्हणून तसाच चालत तिकडं गेला. कॉलेज निम्मं रिकामं होतं. दुष्काळानं पोरं शिक्षण सोडून गेली होती. एका लांबलचक खोलीत माणसापेक्षा उंच यंत्र उभं होतं आणि त्याच्यापाशी चष्मा लावलेले, पांढऱ्या केसांचे प्राध्यापक मोहनराव काही आवळत होते.

"डाक्टर सायेब हायेत का?"

"येतीलच. बसा बाबा. पाणी घेता?" मोहनरावांनी स्टूल पुढं केलं.

आश्रुबा यंत्राकडं बघत राहिला. "ह्यातच घोटे दाबले का?"

म्हातारा माणूस आवडीनं विचारतोय हे पाहून मोहनरावांना बरं वाटलं. ते समजावून सांगू लागले. "ह्यातच. एका माणसाचे दोन्ही घोटे घ्यायचे. दोन्हीकडं हाड एकाच जागी, एकाच तिरपेपणानं कापायचं. एका पायाला पातळ पट्टी, दुसऱ्याला जाड. मग वरून भार द्यायचा आणि पिळायचं, पुन्हा पुन्हा, माणूस चालल्यावर पडतो तसा. कुठली पट्टी आधी ढिली होते ते बघायचं."

"एकाच मानसाचे दोन्ही कावून?"

"कारण प्रत्येकाचं हाड निराळं. एकाचं घट्ट, एकाचं पोकळ. एका बाईला ही पट्टी आणि दुसरीला ती लावली, तर फरक पट्टीचा का हाडाचा, हे कसं ओळखायचं? एकाच बाईचे दोन पाय मात्र जुळ्यासारखे असतात. म्हणून जोडी लागते."

आश्रुबा मान डोलावत होता. ते त्याला पटत होतं. "मंग काय निघालं?"

"सरळ भार दिला तर दोन्हीत फारसा फरक नाही. पण पीळ दिला की पातळ पट्टीचे स्क्रू आधी सैल होतात. ठिसूळ हाडात तर फारच आधी. जाड पट्टी पुष्कळ जास्त टिकली. मोजक्याच जोड्या होत्या, म्हणून छातीठोक सांगता यायचं नाही, पण कल तिकडंच आहे."

"त्यातली छबुबाई कुठली?"

मोहनरावांचा हात थांबला. "कोण?"

"माझी मंडळी. चौसाळ्याकडची. उजवा पाय वाकडा होता तिचा."

मोहनरावांनी चष्मा काढला. त्यांच्याकडं नावं येत नव्हती, नुसत्या खुणेच्या चिठ्ठ्या यायच्या. पण वाकडा पाय त्यांना आठवला असावा. ते काही बोलणार तोच दारात डॉक्टर शहादेव दिसले. आश्रुबाला तिथं बसलेला पाहून ते जागीच उभे राहिले. मग आत आले, दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या पुढ्यात बसले.

"मामा, मी यायला पायजे होतं तुमच्याकडं. धीर झाला न्हाई."

"काय झालं?"

"मावशीचे पाय मोजणीत धरता आले न्हाईत."

आश्रुबाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. डॉक्टर पुढं सांगत राहिले. "जोडी लागती, दोन्ही पाय सारखे. मावशीचा उजवा आधीच मोडून वाकडा जुळलेला. जुन्या स्क्रूंची भोकं हाडात तशीच. डाव्याला जोड उरला न्हाई. मावशींनी अंगठा उठवला तेव्हा मला हे सुचलंच न्हाई, मामा. काम मांडायला बसलो तेव्हा ध्यानात आलं. मोहनरावांनी आणि मी लई डोकं चालवलं. घेतलं असतं तर सगळीच तुलना खोटी पडली असती."

"म्हंजे तिला हातच लावला न्हाई?"

"पायांना न्हाई. बाकी पोरं मावशींवर शिकली."

आश्रुबानं यंत्राकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "सायेब, तिला ती जाड पट्टी बसवली असती तर?"

डॉक्टर शहादेवांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते. "ठाऊक न्हाई, मामा. खरंच ठाऊक न्हाई. बैलामागं धावल्या तरी टिकली असती कदाचित. कदाचित जखम उघडी पडून पाय कापावा लागला असता. यंत्रात नुसतं हाड असतंय, कातडी नसती. आता असल्या हाडाला मी जाड पट्टी बसवतो, कातडी बघून. पण मावशीचं काय झालं असतं, ते हे यंत्र सांगू शकत न्हाई."

"ती म्हनली होती, कावून टिकला न्हाई ते कळंल."

"हां."

"तेवढंच न्हाई कळलं."

मोहनराव खिडकीकडं तोंड करून उभे होते.

आश्रुबा उठला, टोपी नीट केली. "मंग कामाची न्हाई म्हनल्यावर द्या की ती माघारी. घेऊन जातो घरला."

डॉक्टर शहादेव खूप फिरले, ह्याला भेटले, त्याला भेटले. पोरांचा अभ्यास संपला होता. जे उरलं होतं ते नातेवाइकांना देता येतं असं निघालं. पांढऱ्या कापडात गुंडाळून, वर नवं लुगडं घालून मेडिकल कॉलेजानं छबुबाईला परत दिलं. दूध संस्था तोवर बंद पडली होती, दारात टेम्पोही राहिला नव्हता. डॉक्टरांनी आपल्या गाडीतून तिला गावी आणलं.

ह्या वेळी आश्रुबानं निरोप धाडला नव्हता, डॉक्टरांनी फोन केला होता. कडूबाई आली. घरापुढं ठेवलेल्या त्या लहानशा गाठोड्याकडं ती दुरूनच बघत राहिली. आई केवढी होती आणि आता केवढी राहिली. कुणी तरी म्हणालं, उघडू नका. पण आश्रुबानं खाली बसून पायाकडच्या बाजूचं कापड हलक्या हातानं मागं सारलं.

पावलं अख्खी होती. डावं सरळ, उजवं बाहेरच्या अंगाला फिरलेलं. टाचांच्या भेगाही तशाच.

"ये कडू," तो म्हणाला. "माय हाय तुझी."

कडूबाई गुडघ्यांवर आली. आधी सरळ पावलाला तिनं हात लावला, मग वाकड्या पावलावर कपाळ टेकलं आणि तशीच पडून राहिली. "माय, मी गेलते गं निघून... मी गेलते," एवढंच ती म्हणत होती. बायांनी उठवायला हात पुढं केला, पण आश्रुबानं त्यांना थांबवलं. डॉक्टर शहादेव चपला काढून बाजूला उभे होते. कडूबाई उठल्यावर तेही वाकले.

आग दिली, राख गोळा झाली, पण नदीला पाणी नव्हतं. नुसती तापलेली वाळू आणि गावानं पाण्यासाठी खणलेले झिरे. राख कुठं सोडायची म्हणून भावकीत बोलणं निघालं. पैठणला न्यावी म्हणून कुणी म्हणालं. आश्रुबानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि राखेचं मडकं घेऊन शेताकडं चालू लागला. कडूबाई त्याच्या मागं होती. बांधाच्या कडेनं छबुबाईनं लावलेली बोर होती, तिच्या बुडाशी त्यानं हातानं माती उकरली. माती कोरडी होती, पुन्हा पुन्हा आळ्यात घसरत होती. कडूबाई त्याच्याशेजारी बसली आणि तीही उकरू लागली.

"आबा," ती म्हणाली, "मी ऱ्हाते चार दिवस."

"ऱ्हा," आश्रुबा म्हणाला, आणि माती बाजूला सारत राहिला.